नापास होण्याआधीचे सहा आठवडे: स्टीव्हन्सन हायस्कूलचं प्रकरण

शिकागोच्या वायव्येला, लेक काउंटीतल्या लिंकनशायर या उपनगरात अॅडलाय ई. स्टीव्हन्सन हायस्कूल आहे. चार हजारांहून अधिक विद्यार्थी, नववी ते बारावी, सरकारी शाळा, शिक्षणशुल्क नाही. बास्केटबॉल पाहणाऱ्यांना एनबीए खेळाडू जेलन ब्रन्सनमुळे ती माहीत असते. २०१५ मध्ये त्याच्या संघाने इथूनच राज्य अजिंक्यपद जिंकलं. शिक्षणक्षेत्रातल्या लोकांना मात्र ही शाळा एका वेगळ्याच गोष्टीसाठी माहीत आहे. नववीतलं मूल एखाद्या विषयात मागे पडायला लागलं, की पुढे काय करायचं हे या शाळेने तारखांसकट ठरवून ठेवलं होतं. ते कुणा एका शिक्षकाच्या चांगुलपणावर सोडलं नव्हतं.

या प्रकरणात तेवढीच एक परिस्थिती पाहायची आहे: मूल घसरू लागल्यापासून ते सावरेपर्यंत, किंवा न सावरता विशेष शिक्षणाच्या तपासणीपर्यंत पोचेपर्यंत, शाळा काय करते. वर्णन मुख्यतः रिचर्ड ड्यूफोर यांच्या काळातलं आहे. १९८३ ते १९९१ ते इथे मुख्याध्यापक होते आणि १९९१ ते २००२ शालेय जिल्ह्याचे सुपरिंटेंडंट, म्हणजे प्रमुख. इथे जिल्हा म्हणजे महसुली जिल्हा नव्हे, स्वतःचा कर लावून शाळा चालवणारी स्थानिक संस्था; हा जिल्हा म्हणजे डिस्ट्रिक्ट १२५, आणि त्यात हीच एक शाळा आहे.

मुलं येतात कुठून

इलिनॉयच्या अनेक भागांत आठवीपर्यंतच्या शाळांचे जिल्हे वेगळे आणि हायस्कूलचा जिल्हा वेगळा असतो. दोघांची मंडळं, करांचे दर, पगारपत्रकं सगळं निराळं. स्टीव्हन्सनमध्ये मुलं येतात ती डिस्ट्रिक्ट ९६, १०२, १०३ अशा निरनिराळ्या जिल्ह्यांमधून. बफेलो ग्रोव्ह, लाँग ग्रोव्ह, प्रेअरी व्ह्यू, किल्डीअर, व्हर्नन हिल्सचा काही भाग अशी गावं मिळून. म्हणजे चौदाव्या वर्षी मुलाची शाळा तर बदलतेच, पण त्याला आठ वर्षं ओळखणारी माणसंही एका दिवसात मागे राहतात. नवी शाळा काही पटींनी मोठी, त्या काळी दिवसाला आठ तास, प्रत्येक तासाला वेगळी खोली, वेगळे शिक्षक, शेजारी वेगळी मुलं. आपल्याकडे दहावीपर्यंत एक तुकडी एका वर्गात बसते आणि शिक्षक बदलतात; इथे उलट आहे. मूल सकाळपासून दुपारपर्यंत एकटं फिरतं. त्याची गणिताची वही कोरी आहे आणि इंग्रजीचा निबंधही राहिलाय, हे दोन्ही एकाच माणसाला दिसेल अशी सोयच या रचनेत नसते.

शाळा १९६५ मध्ये सुरू झाली तेव्हा हा प्रश्न नव्हता. पहिल्या वर्षी विद्यार्थी पाचशेच्या आतच होते. त्याच जुलैत अॅडलाय स्टीव्हन्सन वारले. ते इलिनॉयचे माजी गव्हर्नर, १९५२ आणि १९५६ चे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार, याच परिसरात शेतावर राहणारे. शाळेला त्यांचं नाव मिळालं. पुढे आजूबाजूची मक्याची शेतं घरांखाली गेली, विद्यार्थिसंख्या वाढत गेली, आणि पाचशे मुलांना नावाने ओळखणारी शाळा चार हजारांची झाली.

पैशाचं आधी सांगून टाकलेलं बरं

या शाळेचा खर्च मुख्यतः घरपट्टीतून येतो. लेक काउंटीत घराची करपात्र किंमत बाजारभावाच्या एक तृतीयांश धरली जाते, आणि घरपट्टीच्या बिलातला मोठा हिस्सा प्राथमिक व हायस्कूल जिल्ह्यांना जातो. १९९१ च्या राज्य कायद्यानुसार या भागातले जिल्हे मतदारांना विचारल्याशिवाय आपली एकूण करमागणी महागाईच्या दरापेक्षा किंवा ५ टक्क्यांपेक्षा, यांतलं जे कमी असेल त्याहून वाढवू शकत नाहीत. नव्या बांधकामाची भर तेवढी निराळी. तरीही महागड्या घरांच्या पट्ट्यातली शाळा श्रीमंत राहते, आणि त्याच काउंटीत काही मैलांवरची दुसरी शाळा राहत नाही. स्टीव्हन्सनची कुठलीही गोष्ट सांगताना हे लपवू नये. मात्र पुढे जे दिसेल त्यातला बराचसा भाग पैशाचा नसून वेळापत्रकाचा आहे, म्हणूनच तो अभ्यासण्यासारखा आहे.

जानेवारी: मूल अजून आठवीत आहे

काम सुरू होतं ते मूल शाळेत यायच्या सात महिने आधी. आठवीपर्यंतच्या शाळांकडे एक पत्रक जातं, ज्याला तिथे ‘काउन्सेलर वॉच’ म्हणत. मुख्याध्यापक, काउन्सेलर (समुपदेशक), समाजसेविका, नर्स यांनी मिळून ते भरायचं. कोणत्या मुलावर लक्ष ठेवायला हवं, आणि का: अभ्यासात घसरण, वारंवार गैरहजेरी, घरातली अडचण, मित्र नसणं, कुवत असून काम न करणं. कारण लिहिणं सक्तीचं आहे, आणि तेच मोलाचं आहे. नुसतं ‘कमकुवत विद्यार्थी’ असं लिहून आलं तर हायस्कूलला काहीच करता येत नाही. ‘वडील घर सोडून गेल्यापासून गृहपाठ बंद’ असं आलं तर काउन्सेलरला ऑगस्टमध्ये पहिल्यांदा कुणाला भेटायचं ते कळतं.

या यादीतल्या मुलांच्या पालकांशी विषयांची निवड करतानाच बोललं जाई आणि उन्हाळ्यात एक छोटा अभ्यासक्रम घेण्याचा आग्रह धरला जाई: टिपणं कशी काढायची, गृहपाठाची डायरी कशी ठेवायची, हायस्कूलच्या परीक्षेची तयारी कशी करायची. गणित-इंग्रजीची उजळणी त्यात दुय्यम. हे बरोबरच होतं. नववीत मागे पडणाऱ्या मुलांमध्ये विषय कळत नाही म्हणून मागे पडणारी आणि काम वेळेवर देत नाहीत म्हणून मागे पडणारी असे दोन गट असतात, आणि दोघांना एकच औषध लागू पडत नाही.

ऑगस्ट: पंचवीस जणांची टोळी

शाळा ऑगस्टच्या मध्यात उघडते. नववीतलं प्रत्येक मूल तेव्हा एका ‘अॅडव्हायझरी’ गटात असे: २५ मुलं, एक शिक्षक, आणि अकरावी-बारावीतले पाच मेंटर. म्हणजे पाच मुलांमागे एक दादा किंवा ताई. आठवड्यातले चार दिवस, रोज २५ मिनिटं. मुलांचा काउन्सेलरही या गटात येतो, त्यामुळे काउन्सेलर म्हणजे गुन्हा केल्यावर भेटायचा माणूस, असं मुलांच्या मनात बसत नाही.

मेंटरचं काम ऐकायला किरकोळ वाटेल. लॉकरचं कुलूप उघडून देणं, जेवणाच्या सुट्टीत कुठे बसायचं ते सांगणं, एखाद्या क्लबच्या पहिल्या बैठकीला सोबत नेणं. पण हायस्कूलच्या पहिल्या दोन आठवड्यांत जे मूल एकटं जेवतं ते अभ्यासातही बोलायचं बंद होतं, आणि ही गोष्ट शिक्षकाच्या आधी बारावीतल्या मुलीच्या लक्षात येते. सर्वच्या सर्व मुलांना हा गट असतो हेही महत्त्वाचं. फक्त अडचणीतल्या मुलांसाठी असता तर तिथे जाणं म्हणजे कपाळावर शिक्का झाला असता.

तिसरा आठवडा, सहावा आठवडा

आता मुख्य भाग. गुणपत्रक सहा आठवड्यांनी निघे, पण प्रगती अहवाल दर तीन आठवड्यांनी. समजा एका मुलाला बीजगणितात ‘एफ’, म्हणजे नापासाची श्रेणी, दिसतोय. तिसऱ्या आठवड्याच्या अहवालावर अॅडव्हायझर (गटाचा शिक्षक), काउन्सेलर आणि मेंटर तिघेही त्याच्याशी बोलतात. घरी कळवलं जातं. ट्युटरिंग सेंटर, म्हणजे शाळेतलीच अभ्यासात मदत मिळण्याची जागा, कुठे आहे ते दाखवलं जातं आणि तिथे जा असं सुचवलं जातं. इथपर्यंत सगळं मुलाच्या मर्जीवर.

सहाव्या आठवड्यात ‘एफ’ तसाच असेल तर मर्जी संपते. स्टडी हॉल, म्हणजे शिक्षकाच्या नजरेखाली गप्प बसून अभ्यास करायचा तास, त्यातले आठवड्याचे दोन दिवस त्याला ट्युटरिंग सेंटरमध्ये बसावंच लागतं. विषयाचे शिक्षक काय राहिलंय ते सेंटरला कळवतात. बहाणा चालत नाही, कारण हा तास शाळेच्या वेळातच आहे. बस चुकत नाही, फुटबॉलचा सराव बुडत नाही, संध्याकाळची नोकरी बुडत नाही.

आणखी तीन आठवड्यांनी फरक नसेल तर पुढची पायरी ‘गाइडेड स्टडी’. दहाच्या आसपास मुलं, रोजचा तास, एकच शिक्षक. पालक, काउन्सेलर आणि मूल एकत्र बसून लेखी करार करतात. तो शिक्षक रोज डायरी तपासतो, सगळ्या विषयांच्या शिक्षकांकडून थकलेल्या कामाची यादी मागवतो आणि ते काम त्या तासात करून घेतो. पहिल्यांदाच कुणा एका मोठ्या माणसाला त्या मुलाचा अख्खा दिवस दिसतो. ट्युटरिंग सेंटरचा रोख विषयावर होता, इथला रोख सवयीवर आहे.

तरीही जमलं नाही तर ‘मेंटर प्रोग्राम’. नाव सारखं असलं तरी अॅडव्हायझरीतल्या वरच्या वर्गातल्या मुलांशी याचा संबंध नाही. इथे गट लहान, शिक्षक खास नेमलेला, आणि लक्ष अभ्यासाबरोबर मुलाच्या मनःस्थितीवर. व्यसन, नैराश्य, घरातली मारहाण असं काही असेल तर ते बहुधा इथे बाहेर येतं. काउन्सेलर, समाजसेविका, शिस्तीचे डीन यांची तुकडी ठरावीक काळाने बसून अशा प्रत्येक मुलाचा आढावा घेते.

सर्वांत शेवटी विशेष शिक्षणासाठीची तपासणी. गंमत अशी, की इलिनॉयमध्ये या तपासणीलाच बोलीत ‘केस स्टडी’ म्हणतात. पालकांच्या लेखी संमतीनंतर शाळेला ती ६० शालेय दिवसांत पुरी करावी लागते. वाचनदोष, लक्ष न टिकणं अशी कारणं इथे सापडतात. पण इथे एक धोका आहे आणि तो पालकांनी ओळखायला हवा. वरच्या सगळ्या पायऱ्या पार केल्याशिवाय ही तपासणी मागता येत नाही, असं मुळीच नाही. पालक कधीही लेखी मागणी करू शकतात आणि शाळेने १४ शालेय दिवसांत उत्तर दिलं पाहिजे. तोंडी सांगण्यावर विसंबू नये. तारीख घातलेलं पत्र किंवा ईमेल हवा.

या उतरंडीत एक गाजरही होतं. नववीतल्या मुलांना स्टडी हॉल सक्तीचा. वरच्या वर्गांत ज्यांची प्रगती ठीक, त्यांना तोच वेळ मोकळा मिळे. किशोरवयीन मुलाला बक्षीस म्हणून पुस्तक नको असतं, मोकळा तास हवा असतो. शाळेने हे ओळखलं होतं.

शिक्षकांना वेळ कुठून मिळाला

हे सगळं चालायचं तर बीजगणित शिकवणाऱ्या सगळ्या शिक्षकांचं ‘नापास’ या शब्दावर एकमत हवं. एका वर्गात गृहपाठाला ४० टक्के आणि दुसऱ्यात १० टक्के असले, तर सहाव्या आठवड्यातला ‘एफ’ मुलाबद्दल काही सांगत नाही, फक्त शिक्षक कोण मिळाला ते सांगतो. म्हणून एकच विषय शिकवणाऱ्यांचे गट केले गेले. सत्रात मुलांना नक्की काय आलंच पाहिजे ते त्यांनी मिळून ठरवायचं, एकच चाचणी सगळ्या वर्गांना द्यायची, आणि निकाल प्रश्नागणिक शेजारी ठेवायचे. एका शिक्षिकेच्या वर्गात वर्गसमीकरणाचा प्रश्न बहुतेकांना आला आणि बाकीच्यांच्या वर्गात नाही, तर ती ते कसं शिकवते हे इतरांनी विचारायचं. अमेरिकेतल्या शिक्षकाला आपल्या वर्गाचे आकडे सहकाऱ्यापुढे ठेवणं किती जड जातं, हे तिथल्या स्टाफरूममध्ये बसल्याशिवाय कळत नाही. दार बंद करून शिकवणं हा तिथे जणू हक्कच मानला जातो.

बैठकीसाठी तास काढण्याची युक्ती मात्र फार सुंदर आहे. एरवी शिक्षकांचा दिवस ७:४५ ला सुरू होई आणि ३:४५ ला संपे, पहिला तास ८:०५ ला. आठवड्याच्या पहिल्या दिवशी शिक्षक ७:३० ला येत, ८:३० पर्यंत त्यांच्या बैठका चालत, आणि पहिला तास ८:३० ला लागे. वाया गेलेली २५ मिनिटं कशी भरायची? दिवसाचे आठ तास प्रत्येकी ५० मिनिटांचे. त्यांतल्या पाच तासांतून पाच-पाच मिनिटं कापायची. बसेस नेहमीच्याच वेळी धावत, त्यामुळे वाहतुकीचा खर्च वाढला नाही आणि कामावर जाणाऱ्या पालकांची पंचाईत झाली नाही. लवकर आलेली मुलं ग्रंथालयात, संगणक कक्षात थांबत. त्यांच्यावर प्रशासक आणि शिकवण्याचं काम नसलेले कर्मचारी लक्ष ठेवत. पंधरा मिनिटं आधी आलेले शिक्षक त्या दिवशी ३:३० ला घरी जात. म्हणजे करारातले कामाचे तास एका मिनिटानेही वाढले नाहीत. ज्या देशात शिक्षक संघटनेशी एका अर्ध्या तासावरून महिनोन्महिने वाटाघाटी चालतात, तिथे हा तास कुणाशीही न भांडता मिळाला.

कुठे अडतं

पहिली अडचण वेळापत्रकाची. इंग्रजी, गणित, विज्ञान, समाजशास्त्र, परभाषा, शारीरिक शिक्षण, जेवण असे सात तास झाले. उरला एक. मूल बँडमध्ये किंवा चित्रकलेत असेल तर तो गेला, आणि स्टडी हॉलच नसेल तर ही सगळी उतरंड उभी करायला जमीनच नाही. इलिनॉयमध्ये शारीरिक शिक्षण वर्षानुवर्षं रोज सक्तीचं होतं. २०१७ मध्ये कायदा बदलून आठवड्यातून किमान तीन दिवस असं झालं, तेव्हा थोडी मोकळीक मिळाली. तरी बँड सोडायचा की गणित सावरायचं, हा प्रश्न काही घरांत येतोच. मूल जर बँडमुळेच शाळेत आनंदाने येत असेल तर तो काढून घेणं मोठी चूक ठरते. अशा वेळी परभाषा एक वर्ष पुढे ढकलणं बरं.

दुसरी अडचण नक्कल करणाऱ्यांची. स्टीव्हन्सनची पद्धत ‘प्रोफेशनल लर्निंग कम्युनिटी’ या नावाने देशभर पसरली. असंख्य शाळांनी आठवड्याची बैठक सुरू केली आणि तिथेच थांबल्या. बैठकीत सहलीचं, फोटोकॉपीच्या कागदाचं आणि पालकसभेचं बोललं जातं; कुठल्या मुलाला काय आलं नाही याची यादी कुणाच्या हातात नसते. मूळ पद्धतीत चार प्रश्न होते: मुलांना काय यायला हवं, ते आलं हे कसं कळेल, आलं नाही तर काय करू, आणि आधीच येत असेल तर काय करू. चाचणी समान नसेल तर दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नाही, आणि शाळेच्या वेळात राखीव तास नसेल तर तिसऱ्याला नाही. ‘शाळा सुटल्यावर थांब’ हे तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नव्हे. ज्याला सर्वांत गरज आहे तो नेमका थांबत नाही.

तिसरी अडचण जास्त खोल आहे. ‘एफ’ नाहीसा होणं आणि विषय कळणं यांत अंतर आहे. गाइडेड स्टडीत थकलेला गृहपाठ पुरा करून घेतला की टक्के वर सरकतात, मुलाला समीकरण सोडवता येवो न येवो. शाळेला हे पुढे जाणवलं असावं, कारण ड्यूफोर गेल्यानंतरच्या काळात तिथे पुराव्यावर आधारित मूल्यमापन आलं. टक्क्यांची सरासरी जाऊन प्रत्येक कौशल्याला चारपैकी एक पातळी मिळू लागली: ४ म्हणजे अपेक्षेहून पुढे, ३ म्हणजे अपेक्षेइतकं, २ म्हणजे जवळ, १ म्हणजे अजून बरंच बाकी. गृहपाठ हा सराव, त्याला गुण नाहीत. सुरुवातीला १ मिळालेल्या मुलाने शेवटी ३ चा पुरावा दाखवला तर सरासरी काढून त्याला २ देत नाहीत. कॉलेजांकडे जाणाऱ्या पत्रकावर अक्षरश्रेणी राहतेच, त्यामुळे पालकांचा गोंधळ होतो. ‘पोर्टलवर सगळीकडे २ दिसतोय, म्हणजे ५० टक्के का?’ नाही. २ म्हणजे अजून एक पाऊल बाकी आहे, आणि शिक्षकाला विचारायचं ते एवढंच, की ते पाऊल कोणतं.

मराठी घरांसाठी

या पट्ट्यात भारतीय कुटुंबं खूप आहेत, मराठीही आहेत. मूल मागे पडतंय म्हटल्यावर आपला पहिला विचार ‘क्लास लावू’ हा असतो. पैसे असतात, क्लासही असतात. पण बाहेरच्या क्लासला मुलाच्या शिक्षकाने मंगळवारी काय मागितलं ते माहीत नसतं. शाळेतल्या ट्युटरिंग सेंटरला माहीत असतं, आणि ते फुकट आहे. दुसरी चूक म्हणजे मदतीच्या तासाला नकार देणं. ‘आमचा मुलगा तसा नाही’ असं म्हणून करारावर सही न करणारे आईबाप मुलाचे पुढचे तीन आठवडे घालवतात. काउन्सेलरला आठव्या महिन्यात नव्हे, तिसऱ्या आठवड्यात ईमेल करावी, आणि ती चार ओळींची असावी: कोणत्या विषयात, घरी काय दिसतंय, मूल काय म्हणतंय, शाळेत कोणती पायरी सुरू आहे.

भारतातून थेट नववीत येणाऱ्या मुलासाठी शाळेच्या दाखल्याबरोबर त्या परिसरात राहत असल्याचा पुरावा, नववीसाठी लागणारी वैद्यकीय तपासणी आणि लशींची नोंद लागते. लस घेतलेली असून नोंद नसेल तर धावपळ होते, म्हणून निघण्यापूर्वी जुन्या डॉक्टरांकडून तारखांसह इंग्रजी पत्र घ्यावं. गणितात अशा मुलाची जागा बहुधा चाचणी घेऊन ठरते. महाराष्ट्र बोर्डाची आठवी झालेल्या मुलाला बीजगणित येत असतं पण अमेरिकी शाब्दिक उदाहरणांची भाषा नवी असते, म्हणून गुण कमी आले तर शिक्षकाला उत्तरपत्रिका दाखवायला सांगावी. चूक गणिताची आहे की भाषेची, हे दोन मिनिटांत कळतं.

मराठीचाही उपयोग होतो. इलिनॉयने २०१३ मध्ये द्विभाषिक प्रावीण्याची राज्यमुद्रा सुरू केली. इंग्रजीबरोबर दुसऱ्या भाषेत ठरलेली पातळी दाखवणाऱ्याच्या गुणपत्रकावर ती येते, आणि मान्य चाचण्यांमध्ये मराठीची चाचणी आहे. त्यात नुसतं बोलणं पुरत नाही, लेखनही लागतं. घरी फक्त बोलणारं मूल तिथे अडतं. रविवारच्या मराठी शाळेत देवनागरी सुटू न देणं याचा हा एक रोकडा फायदा. नोंदणीच्या तारखा काउन्सेलरकडे अकरावीच्या सुरुवातीलाच विचाराव्यात, बारावीच्या वसंत ऋतूत विचारून उपयोग होत नाही.